नमाजच्या वेळा आणि अभ्यासाची वही: तयार प्लॅनर, मोबाईल अ‍ॅप की मशिदीचं कॅलेंडर? कोल्हापुरात काय चालतं

आधी निकाल. मशिदीतून मिळणारं औकातचं (नमाजच्या वेळांचं) कॅलेंडर आणि दोनशे पानी लाँगबुक ही जोडी पहिली. मोबाईलचं अ‍ॅप दुसरं, तेही सेटिंग तपासून घेतल्यावर. ऑनलाइन मिळणारे जाड पुठ्ठ्याचे, सोनेरी अक्षरांचे, खास मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी म्हणून विकले जाणारे प्लॅनर तिसरे, आणि पहिल्या दोघांच्या बरेच मागे. दोष किमतीचा नाही, कागदाचाही नाही. पाचांपैकी एकही नमाज वर्षभर घड्याळात एका जागी बसत नाही, आणि हे प्लॅनर ती बसते असं धरून छापलेले असतात.

कोल्हापूरचे आकडे बघा. शहर ७४.२ पूर्व रेखांशावर, आणि आपली घड्याळं चालतात ८२.५ रेखांशाच्या वेळेवर. त्यामुळे सूर्य इथं डोक्यावर येतो तो सरासरी १२.३३ ला, त्यातही ऋतूप्रमाणे मागंपुढं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला जवाल (सूर्य डोक्यावरून ढळण्याची वेळ) १२.१७ च्या सुमारास, फेब्रुवारीच्या मध्यात १२.४७ ला. आता ज्या कॉलेजात जेवणाची सुट्टी सव्वाबारा ते पाऊण आहे, तिथला मुलगा नोव्हेंबरात सुट्टीत जोहर (दुपारची नमाज) पढू शकतो. फेब्रुवारीत सुट्टी संपली तरी जोहरची वेळच सुरू झालेली नसते. प्लॅनरमध्ये मात्र दोन्ही महिन्यांत 'जोहर: १२.३०' असा एकच रकाना.

जून आणि डिसेंबरची तुलना केली की सगळा खेळ कळतो. २१ जूनला कोल्हापुरात फजर (पहाटेची) सुरू होते साधारण ४.४० ला, सूर्योदय ६.०१, हनफी पंथाच्या हिशेबानं असर (दुपार कलल्यावरची) ५.१२, मगरिब (सूर्यास्तानंतरची) ७.०९, इशा (रात्रीची) ८.३०. २१ डिसेंबरला फजर ५.४०, सूर्योदय ६.५७, असर ४.२९, मगरिब ६.०५, इशा ७.२२. हे गणिती आकडे आहेत. छापील कॅलेंडरात खबरदारीची दोन-तीन मिनिटं धरलेली असतात, त्यामुळे तेवढा फरक दिसला तर गोंधळू नये. पण फजर तासाभरानं सरकते आणि मगरिबही तासाभरानं, तीही एकाच दिशेनं नव्हे. हिवाळ्यात फजर उशिरा आणि मगरिब लवकर, उन्हाळ्यात नेमकं उलट. म्हणजे दिवस दोन्ही टोकांनी ताणला जातो आणि आवळला जातो. सकाळी सहा ते रात्री दहा असे तासातासाचे रकाने पाडलेल्या डायरीत जूनची फजर पानाच्या बाहेरच पडते.

तयार प्लॅनरबद्दल आणखी थोडं, कारण भेट म्हणून हेच जास्त घेतले जातात. उघडल्यावर पहिली तीस-चाळीस पानं ध्येय, संकल्प, आवडते सुविचार, शुक्राना यांत जातात. नंतर रोजच्या पानावर पाच गोल: नमाज पढली की रंगवायचा. त्याखाली पाण्याचे आठ ग्लास. अभ्यासाला उरतात सहा-सात ओळी. बारावी सायन्सचा किंवा इंजिनिअरिंगचा दिवस सहा ओळींत मावत नाही. हिजरी तारीख छापलेली असेल तर ती बहुधा परदेशातल्या हिशेबाची असते. आपल्याकडं चंद्र पुष्कळदा एक दिवस उशिरा दिसतो, त्यामुळे नवव्या-दहाव्या मोहर्रमचा रोजा किंवा अरफ्याचा (बकरी ईदच्या आदला) दिवस त्या छापील तारखेवर ठरवला तर चुकतो. डिंकाच्या बांधणीचा प्लॅनर टेबलावर सपाट उघडत नाही, एका हातानं दाबून धरून दुसऱ्या हातानं लिहावं लागतं. ही तक्रार क्षुल्लक वाटेल, पण रोज दोनदा उघडायची वस्तू उघडायलाच त्रास देत असेल तर तिसऱ्या आठवड्यात ती कपाटात जाते.

पाच गोलांची भानगड जरा खोल आहे. गोल रंगवण्यातून नमाजची हजेरी लागते, पण दोन गोष्टी त्यात कळत नाहीत: वेळेवर पढली की कजा झाली (वेळ टळून राहिली), आणि कजा झाली असेल तर ती फेडली की नाही. शिवाय एक गोल कोरा राहिला की पुढची चार पानं कोरी राहतात, हे बहुतेक अर्धवट सोडलेल्या प्लॅनरमध्ये दिसतं. पान नासल्यासारखं वाटतं, मग नको ते. मुलींच्या बाबतीत तर हा रकाना सरळ चुकीचा आहे. पाळीच्या दिवसांत नमाज माफ असते, तिची कजाही नसते (रोज्याची असते), आणि प्लॅनर त्या दिवसांचे तीस-पस्तीस गोल कोरे ठेवून महिन्याअखेरीस टक्केवारी काढायला सांगतो. काही नव्या प्लॅनरमध्ये त्यासाठी वेगळी खूण असते. विकत घ्यायचाच असेल तर आधी ते पान बघावं.

मशिदीचं कॅलेंडर साधं असतं, बरेचदा एखाद्या दुकानाच्या जाहिरातीसह छापलेलं. पण एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघायची: वेळा कोणत्या शहराच्या आहेत? बाजारात मुंबईच्या वेळांची कॅलेंडरं भरपूर फिरतात, आणि 'मुंबईतून पाच मिनिटं वजा करा' असा तोंडी सल्ला त्यांच्याबरोबर येतो. दुपारच्या जवालपुरता तो बरोबर आहे. सकाळ-संध्याकाळपुरता नाही, कारण फरक नुसता रेखांशाचा नसून अक्षांशाचाही आहे. जूनमध्ये सूर्योदय दोन्हीकडे जवळपास एकाच वेळी, पण मगरिब मुंबईत नऊ-दहा मिनिटं उशिरा. डिसेंबरात उलट: मगरिब जवळपास सारखी, आणि सूर्योदय कोल्हापुरात दहा मिनिटं आधी. मुंबईत २१ डिसेंबरचा सूर्योदय ७.०७, इथं ६.५७. मुंबईचं कॅलेंडर भिंतीला लावून सातला फजरला उभा राहिलेला कोल्हापूरचा मुलगा सूर्य उगवल्यावर नमाज पढतो. पाच मिनिटं वजा केली तरी त्याचा हिशेब ७.०२ वर येतो, म्हणजे तरी चुकतोच. इचलकरंजी किंवा गडहिंग्लजला कोल्हापूरचंच कॅलेंडर चालतं, फरक मिनिट-दीड मिनिटाचा.

दुसरी गोष्ट, कॅलेंडर वेळ कधी सुरू होते ते सांगतं, जमात (मशिदीतली सामूहिक नमाज) कधी उभी राहते ते नाही. ती मशिदीच्या फलकावरच्या घड्याळांत असते, आणि शहरातल्या दोन मशिदींत दहा-पंधरा मिनिटांचा फरक सहज असतो. विद्यार्थ्याला हा फरक सोयीचा आहे. घराजवळच्या, कॉलेजजवळच्या आणि वाटेतल्या अशा तीन मशिदींच्या जमातीच्या वेळा एका कागदावर उतरवून घ्याव्यात. जुम्याला (शुक्रवारच्या नमाजला) याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. जिथं खुतबा (प्रवचन) लवकर सुरू होतो तिथं गेलं तर दुपारचं पहिलं लेक्चर वाचतं. प्रॅक्टिकलची बॅच शुक्रवारी दुपारी पडत असेल तर ती सत्राच्या पहिल्या आठवड्यातच अर्ज देऊन बदलून मागावी. बॅचेस ठरून गेल्यावर कोणी हात लावत नाही.

अ‍ॅपचं म्हणाल तर अ‍ॅप चुकत नाही, सेटिंग चुकतं. आणि कुठलं सेटिंग चुकलं ते आकड्यांवरून ओळखता येतं. मशिदीच्या कॅलेंडरातली आजची ओळ आणि अ‍ॅपमधल्या वेळा शेजारी ठेवा. फजर तेरा ते पंधरा मिनिटं उशिरा आणि इशा तेवढीच लवकर दिसत असेल तर अ‍ॅपनं अमेरिकेतली १५ अंशांची पद्धत (फजर-इशाला सूर्य क्षितिजाखाली १५ अंश धरणारी) धरली आहे. ती बदलून कराचीची १८ अंशांची करा. फजर जुळते आणि फक्त इशा चार-पाच मिनिटं लवकर येते, तर मुस्लिम वर्ल्ड लीगची पद्धत लागली आहे, तिच्यात इशा १७ अंशांवर असते. फक्त असर पाऊण ते सव्वा तास लवकर येत असेल तर पद्धत शाफई (दुसऱ्या पंथाची) आहे. कोल्हापुरात बहुतेक मशिदी हनफी, तेव्हा हनफी निवडा. कोकणातून शिकायला आलेल्या शाफई मुलांनी मात्र ते तसंच ठेवावं. आणि सगळ्याच वेळा थोड्याथोड्या चुकत असतील तर अ‍ॅपला तुमचं गाव दुसरंच वाटतंय. चारही गोष्टी जुळल्या की मग एक-दोन मिनिटांचा फरक हातानं कमी-जास्त करायची सोय मुस्लिम प्रोसारख्या अ‍ॅपमध्ये असते.

लोकेशनची परवानगी कायमची देऊ नये, शहर हातानं लिहावं. २०२० साली मुस्लिम प्रोच्या वापरकर्त्यांच्या लोकेशनची माहिती बाहेरच्या कंपनीकडं जात असल्याची बातमी आली होती, त्यानंतर त्यांनी तो व्यवहार थांबवल्याचं जाहीर केलं. कोल्हापुरात राहणाऱ्याला कोल्हापूर लिहायला दहा सेकंद लागतात. अजान वाजत नसेल तर दोष बहुधा फोनच्या बॅटरी बचतीचा असतो: अ‍ॅपला बॅटरीच्या यादीत निर्बंधाबाहेर ठेवलं की वाजते. पण खरी अडचण याच्या पुढची आहे. अजान वाजली म्हणून फोन हातात घेतला, आणि वीस मिनिटांनी रील बघत बसलेलो. अभ्यासाच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत आणि टेबलावर साधं गजराचं घड्याळ, हाच यावर इलाज. ज्या गल्लीत अजान घरात ऐकू येते तिथं तेही नको.

आता वही. लाँगबुक शिलाईची घ्यावी, स्पायरलची दप्तरात चेपते आणि पानं निघतात. दोनशे पानं, रोज एक पान: जूनच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत पुरते. पान तासांत नाही, नमाजांत विभागायचं. डावीकडं दोन बोटं समास सोडून सहा पट्टे: फजरनंतर, सकाळ, जोहर ते असर, असर ते मगरिब, मगरिब ते इशा, इशानंतर. पट्टे सारखे पाडू नका. पानावर २६ ओळी असतील तर फजरनंतरला पाच, सकाळला चार, जोहर ते असरला तीन, असर ते मगरिबला तीन, मगरिब ते इशाला पाच, इशानंतरला चार. तळच्या दोन ओळींपैकी एक 'कजा', दुसरी 'राहिलेलं'.

वेळा रोज लिहायच्या नाहीत. जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा समासाच्या रुंदीचा कापून त्याची पट्टी करायची, त्यावर पट्ट्यांसमोर येतील अशा जमातीच्या वेळा पेन्सिलीनं लिहायच्या आणि ती क्लिपनं आजच्या पानाला लावायची. दर महिन्याच्या १ आणि १६ तारखेला खोडून नव्या. पंधरा दिवस पुरतात का? पुरतात. मगरिब सगळ्यात झपाट्यानं सरकते सप्टेंबरात: १ तारखेला ६.४६ च्या सुमारास, ३० ला ६.२३. महिन्यात २३ मिनिटं, म्हणजे पंधरवड्यात बाराच्या आसपास. पट्टीच्या कोपऱ्यात तारीख घाला, नाहीतर दिवाळीत गणपतीतल्या वेळा वापरत बसाल.

वेळेचा हिशेब खरा धरावा. प्लॅनरवाले प्रत्येक नमाजला दहा मिनिटं देतात. वजू (नमाजआधी हातपाय-तोंड धुणं), चप्पल, वाट यांचा पत्ता नाही. घरी किंवा कॉलेजात, वजूसकट आणि मुअक्कदा सुन्नतांसकट (फर्जबरोबरच्या ठरलेल्या जादा नमाजांसकट) फजरला १२ मिनिटं, जोहरला २०, नुसत्या फर्ज (सक्तीच्या) असरला १०, मगरिबला १५, वित्रसह (इशानंतरच्या नमाजसह) इशाला २५. बेरीज ८२ मिनिटं. मशिदीत जायचं तर जाण्यायेण्याचा वेळ वरती. दिवसाच्या चोवीस तासांतून दीड तासाच्या आतलाच मामला आहे. अभ्यास बुडतो तो नमाजमुळं नाही, नमाजच्या आगंमागं 'आता काय पंधराच मिनिटं राहिली' म्हणून सोडून दिलेल्या तुकड्यांमुळं. ते तुकडे वहीत आधीच नेमून ठेवायचे: सूत्रांची उजळणी, इंग्रजी शब्द, उद्याचं दप्तर.

पट्ट्यात विषयाचं नाव लिहू नका, माप लिहा. 'गणित' नव्हे, 'प्रकरण ४, उदाहरणं ११ ते १८'. फजरनंतरचा पट्टा सगळ्यात किमती, अवघड विषय तिथं. जूनमध्ये सूर्योदयापासून साडेसातपर्यंत दीड तास मिळतो, डिसेंबरात सूर्योदयच सातला, त्यामुळे तेव्हा जमातीआधी अर्धा तास आणि नंतर पाऊण तास असे दोन तुकडे करावे लागतात. मगरिब ते इशा वर्षभर साधारण ७२ ते ८१ मिनिटांचं, कोल्हापुरात हे अंतर फारसं बदलतच नाही. नमाज आणि चहा वजा जाता जवळपास तास उरतो, एका विषयाला अगदी बेताचा. असर ते मगरिबमध्ये जड काही ठेवू नये. प्रवास, खेळ, बाजारहाट यांची ती वेळ आहे, रंकाळ्यावर एक फेरी मारली तरी बिघडत नाही.

डिसेंबरची असर हा वेगळा सापळा आहे. गोकुळ शिरगाव किंवा कसबा बावड्यातल्या कॉलेजातून पाचला सुटायचं, बस पकडायची, सीबीएसला (मध्यवर्ती बसस्थानकाला) उतरून घरी पोचेपर्यंत सहा. मगरिब ६.०५. जूनमध्ये याच वेळापत्रकात असरला घरी आल्यावर तासभर मिळतो, त्या सवयीनं डिसेंबरात असर जाते. डिसेंबर-जानेवारीच्या पट्टीवर असरपुढं 'कॉलेजातच' असं लिहून ठेवा. असर सुरू झाल्यानंतरच्या कोणत्याही दहा मिनिटांत होते.

पट्टा चुकला तर पुढचा सगळा दिवस ढकलत न्यायचा नाही. काम तळच्या 'राहिलेलं' ओळीत, आणि रविवारचा जोहर ते असर पट्टा त्यासाठी कायम मोकळा. तसंच कजाचं: नमाज राहिली तर तिचं नाव लिहायचं, फेडली की आडवी रेघ. पढलेल्या नमाजला खूण नाही. पाळीच्या दिवसांत मुलींनी कजाच्या ओळीत आडवी रेष मारून पट्टे तसेच ठेवावेत. त्या दिवसांत पट्टेच सोडून दिले तर आठवड्यानं घडी परत बसवायला वेळ लागतो.

भरायला रोज पाच मिनिटं, इशानंतर. रविवारी पंधरा. जूनमध्ये सव्वादहाला दिवा बंद झाला नाही तर फजर किंवा फजरनंतरचा पट्टा यांपैकी एक जाणारच. जोहरनंतर वीस मिनिटांची कैलुला (दुपारची डुलकी) मिळाली तर ती उधळपट्टी समजू नये.

अभ्यासिकेबद्दल थोडक्यात. राजारामपुरी, शाहूपुरी भागात महिन्याच्या भाड्यावर खुर्ची मिळते. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: पहाटे कुलूप किती वाजता उघडतं, अर्धा तास उठून गेलं तर जागा राहते का, आणि बेसिनला पाणी दिवसभर असतं का. एसी, वायफाय नंतर बघता येतं. या शहरात मुसलमान पोरांच्या शिक्षणाची सोय जुनी आहे, दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग शाहू महाराजांच्या पुढाकारानं १९०६ साली सुरू झालेल्या कामातून उभं राहिलं. पण पहाटे साडेपाचला दार उघडणारी खोली अजून शोधावीच लागते.

रमजानासाठी वेगळी वही नको, पट्टी वेगळी. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडं येतो आणि सध्या तो बोर्डाच्या परीक्षेवर आला आहे. २०२५ साली आपल्याकडं पहिला रोजा २ मार्चला होता आणि दहावीची परीक्षा १७ मार्चपर्यंत चालली. मार्चच्या दहा तारखेच्या आसपास कोल्हापुरात सहरी संपते ५.३३ ला, इफ्तार ६.४२ ला. सकाळच्या सत्राचा पेपर ११ ते २.१०: जोहर १२.४४ ला सुरू होते आणि हनफी असर पाचला, त्यामुळे पेपर सुटल्यावर निवांत वेळ आहे. दुपारचं सत्र ३ ते ६.१० अडचणीचं. असर ५.०२ ला सुरू होते तेव्हा मुलगा वर्गात, बाहेर पडतो तेव्हा मगरिबला ३२ मिनिटं. त्यात शेवटची काही मिनिटं सूर्य पिवळा पडल्यावरची, म्हणजे मकरूह (नापसंत). त्या दिवशी घरी जायची घाई करू नये. केंद्राजवळची मशीद आदल्या दिवशीच बघून ठेवावी, वजू पेपरला जातानाच करून जावं, आणि पाण्याची बाटली व तीन खजूर सोडायला येणाऱ्याकडं द्यावेत.

तरावीहची (रमजानातल्या रात्रीच्या जादा नमाजची) जमात रात्री दहाच्या पुढं जाते. पेपर असेल त्या आठवड्यात मगरिब ते इशाचा पट्टा इफ्तारनं खाल्लेला असतो, म्हणून उजळणी सहरीनंतर फजर ते सूर्योदय आणि त्यापुढचा तास अशी सरकवावी. तरावीह सुन्नत आहे, घरी पढली तरी होते, हे आईवडिलांनीही ऐकून ठेवलं तर बरं. खतम करायचा (पूर्ण कुराण वाचून संपवायचं) असेल तर पंधरा ओळींच्या कुराणात एक पारा (तिसावा भाग) साधारण वीस पानांचा, पाच नमाजांनंतर चार-चार पानं. पेपरच्या दिवशी जोहरनंतरची चार पानं इशानंतर घ्या, आणि तसं पट्टीवर आदल्या रात्रीच लिहून टाका.